धाप खाते वजन!

म्हैसूर जिल्ह्यात, कावेरी-कपिलेच्या संगमावरील टी. नरसीपूरजवळ सोसले हे गाव आहे. व्यासराज मठामुळे माध्व संप्रदायाच्या भाविकांना ते परिचित आहे. आपल्या खेड्यांप्रमाणेच या भागातही पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाक होत आला तो लाकूडफाट्याच्या चुलीवर. विडीला कधी हात न लावलेल्या बायकांनाही उतारवयात जुनाट खोकला आणि धाप जडते, त्याचे एक मोठे कारण म्हणजे हा धूर.

म्हैसूरच्या जे.एस.एस. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. पी. ए. महेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्यातील ग्रामीण स्त्रियांची पाहणी करून २०१३ मध्ये एक सोपा हिशेब मांडला. चुलीपुढचे रोजचे तास गुणिले वर्षे. उत्तर ६० झाले, की जुनाट ब्राँकायटिसचा धोका वाढतो. म्हणजे रोज चार तास, पंधरा वर्षे!

घरच्यांना खोकला ऐकू येतो. पण सैल झालेल्या बांगड्या कुणाला दिसत नाहीत. ‘वय झालं, आता अंग उतरणारच’ असे म्हणून विषय संपतो. ही समजूत घातक आहे.

वजन का घटते?

श्वासनलिका अरुंद झाल्या, की प्रत्येक श्वासासाठी छातीच्या स्नायूंना जादा राबावे लागते. त्यात बरीच ऊर्जा खर्च होते. दुसरीकडे जेवतानाच दम लागतो, पोट भरले की श्वास कोंडतो आणि चार घासांतच ताट बाजूला सारले जाते. मग शरीर स्वतःचेच स्नायू झिजवते. श्वासाचे स्नायूही त्यातून सुटत नाहीत, म्हणून धाप आणखी वाढते.

२००४ पासून या आजाराची तीव्रता मोजताना डॉक्टर फुप्फुसांच्या क्षमतेबरोबर वजनही धरू लागले. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून उत्तर २१ किंवा कमी आले, तर तो धोक्याचा इशारा. पाच फूट तीन इंच उंचीला हे वजन साधारण ५४ किलो होते. दिलासा असा, की १९९८ मधील एका डच अभ्यासात आठ आठवड्यांत दोन किलोंहून अधिक वजन वाढलेले रुग्ण जास्त जगल्याचे आढळले.

ताटात काय असावे?

• दोन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे. जेवणाआधी जरा विसावा घ्यावा.

• नुसती नाचणी किंवा भात पुरेसा नाही. सोबत कुळीथ, डाळ, दूध, अंडी, मासे यांपैकी काहीतरी हवेच. भातावर चमचाभर तूप, मधल्या वेळी शेंगदाण्याचा लाडू चालेल. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

• जेवणापूर्वी भरपूर पाणी पिऊ नये.

• झेपेल तेवढे चालावे. त्याशिवाय खाल्लेल्याचा स्नायू होत नाही.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला आणि घटते वजन असेल, तर क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. उलट पाय सुजून वजन एकाएकी वाढले, तर ते बाळसे नव्हे. ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे. लठ्ठपणाही धाप वाढवतोच.

महिन्यातून एकदा वजन करून ते औषधाच्या चिठ्ठीवर लिहून ठेवा. पुढच्या वेळी दवाखान्यात खोकल्याआधी तो आकडा डॉक्टरांना दाखवा.