किल्ली देण्याची किंमत

घरातील मुलगा किंवा मुलगी वयात आली की मोटारीच्या किल्लीचा प्रश्न प्रत्येक कुटुंबात उपस्थित होतो. आपल्या व्यापारी कुटुंबांत तो जरा आधीच उपस्थित होतो. दुकान, गोदाम आणि घर यांच्यामध्ये दिवसभर वाहनांची ये-जा चालू असते. वडीलधारे गल्ल्यावर अडकलेले असतात, नोकर वसुलीला गेलेला असतो. अशा वेळी ‘जरा जाऊन ये’ असे म्हणून किल्ली पुढे केली जाते. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या आपल्या घरांत या किल्लीची किंमत मात्र क्वचितच मांडली जाते. ती मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या नातेवाइकांना हा हिशेब कुणी शिकवावा लागत नाही. तेथे विम्याचा हप्ता ठरवताना गाडीबरोबर ती चालविणाऱ्या व्यक्तीचाही विचार होतो. घरातील सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचे नाव पॉलिसीत घातले की हप्ता झपाट्याने वाढतो. परीक्षेत चांगले गुण असतील तर अनेक कंपन्या थोडी सवलत देतात, एवढाच काय तो दिलासा. म्हणजे धोक्याचे बिल आधीच हातात पडते आणि कुटुंबाला विचार करणे भाग पडते.

आपल्याकडे विमा प्रामुख्याने वाहनाचा असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार खासगी मोटारीच्या तृतीय पक्ष विम्याचा वार्षिक हप्ता १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये इतका ठरला. गाडी पन्नास वर्षांचे अनुभवी गृहस्थ चालवोत किंवा अठरा वर्षे पूर्ण झालेला मुलगा, या रकमेत फरक पडत नाही. बिल येत नाही, म्हणून खर्च नाही, असा आपला समज होतो. बँकेच्या ताळेबंदात मुख्य आकड्यांच्या खाली ‘संभाव्य दायित्वे’ असा एक मथळा असतो. दिलेल्या हमीची रक्कम तेथे दाखवतात. ती आज देणे नसते, पण हमी उलटली की पूर्णपणे देणे होते. परवाना नसलेल्या मुलाच्या हाती दिलेली किल्ली ही अशीच एक हमी आहे, आणि ती कोणत्याही वहीत नोंदलेली नसते.

ही हमी किती रकमेची, हे एका उदाहरणाने पाहू. अपघातात ३२ वर्षांच्या एका गृहस्थाचा मृत्यू झाला असे समजा. कायम नोकरी, मासिक उत्पन्न ३०,००० रुपये, मागे पत्नी, दोन मुले आणि वृद्ध आई. भरपाई मोजण्याची रीत सर्वोच्च न्यायालयाने २००९ मधील सरला वर्मा आणि २०१७ मधील प्रणय सेठी या निकालांत घालून दिली आहे. वार्षिक उत्पन्न ३,६०,००० रुपये. त्यात भावी वाढीपोटी ५० टक्के मिळवले की ५,४०,०००. चार अवलंबित असल्याने मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा केल्यावर ४,०५,०००. या वयासाठीचा गुणक १६. गुणाकार ६४,८०,००० रुपये. अंत्यविधी, सहवासाची हानी इत्यादींच्या रकमा आणि व्याज वेगळे.

चालकाकडे वैध परवाना असेल तर ही सारी रक्कम विमा कंपनी भरते, कारण तृतीय पक्षाच्या मृत्यूच्या भरपाईला वरची मर्यादा नाही. ३,४१६ रुपयांच्या हप्त्यात एवढे संरक्षण मिळते. परंतु चालक अल्पवयीन किंवा विनापरवाना असेल आणि मालकानेच त्याला गाडी दिली असेल, तर पॉलिसीची अट मोडते. पीडित कुटुंब उघड्यावर पडू नये म्हणून अशा प्रकरणांत न्यायाधिकरण अनेकदा कंपनीला आधी रक्कम भरण्यास आणि नंतर ती गाडीच्या मालकाकडून वसूल करण्यास सांगते. २००४ मधील स्वर्णसिंग खटल्याच्या निकालात या मार्गाची चर्चा आहे. जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करण्याची तरतूदही कायद्यात आहे. हप्ता वेळेवर भरलेला असूनही ६४ लाखांचा भार अशा रीतीने घरावर येऊ शकतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा तर नामंजूर होतोच.

येथे व्यापारी कुटुंबांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. आपल्याकडे पुष्कळदा मोटार भागीदारी पेढीच्या नावावर असते. मग मालक म्हणून देणे पेढीचे ठरते आणि भागीदारी कायद्यानुसार पेढीच्या देण्याला प्रत्येक भागीदार व्यक्तिशः जबाबदार असतो. एका भावाने आपल्या मुलाला दिलेल्या किल्लीची किंमत दुसऱ्या भावाला आणि चुलत्यालाही चुकवावी लागू शकते. शिवाय मालक-चालकासाठी बंधनकारक असलेले किमान १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण पेढी किंवा कंपनीच्या नावावरील गाडीला लागू होत नाही. गाडी वडिलांच्या नावावर असली तरी ते संरक्षण वडिलांपुरतेच असते. स्वतःच्या चुकीने जखमी झालेल्या मुलाला त्यातून काही मिळत नाही.

दुकानाच्या टेम्पोची गोष्ट आणखी वेगळी आहे. पिवळ्या पाटीचे मालवाहू वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालविण्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात. मोटारीचा परवाना काढलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला ‘माल टाकून ये’ म्हणून पाठविणे नियमाविरुद्ध आहे. सोळाव्या वर्षी मिळणाऱ्या दुचाकी परवान्याबाबतही असाच गैरसमज आहे. तो ५० सीसीपर्यंतच्या विनागियर वाहनापुरता असतो. क्लासला जाण्यासाठी मुले वापरतात त्या ११० किंवा १२५ सीसीच्या स्कूटर त्यात बसत नाहीत.

पैशापलीकडचा दंडही कठोर आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९९-अ हे कलम आले. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा मालक दोषी मानला जातो. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण रोखण्याचा योग्य प्रयत्न केला होता, हे त्यानेच सिद्ध करायचे असते. शिक्षा तीन वर्षांपर्यंतचा कारावास आणि २५,००० रुपये दंड. वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळू शकत नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातील मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. त्या प्रकरणात मुलाच्या वडिलांनाही अटक झाली, हे आपण सर्वांनी वाचले आहे.

आपल्या धर्मविचाराला यातील काहीच नवीन नाही. हिंसा स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि करणाऱ्याला अनुमोदन देणे, या कृत, कारित आणि अनुमोदित अशा तिन्ही मार्गांनी कर्मबंध होतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तत्त्वार्थसूत्रात हिंसेचे लक्षण सांगताना प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, अग्रस्थान दिले आहे. मुनिमहाराज चार हात जमीन पाहून पाऊल टाकतात, ती ईर्यासमिती. पाणी गाळून पिणाऱ्या आणि सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या घरातून एक टन वजनाचे यंत्र शिकाऊ हाती सुटावे, यातील विसंगती आपली आपणच ओळखली पाहिजे. किल्ली पुढे करणारा हात हा अनुमोदनाचाच हात असतो.

याचा अर्थ मुलांना गाडी शिकवू नये असा नाही. व्यवसायाला चालक लागतो आणि मुलींनाही हे कौशल्य यायलाच हवे. मात्र रीत पाळावी. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर शिकाऊ परवाना, ‘एल’ पाटी, आणि शेजारी परवानाधारक शिकविणारा. या अटी पाळल्या तर शिकाऊ चालकालाही विम्याचे संरक्षण राहते. मुलगा नियमित गाडी चालवू लागला की पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी पॉलिसी समोर घेऊन बसावे. चालक आणि प्रवाशांसाठी वैयक्तिक अपघात संरक्षण थोड्या जादा हप्त्यात घेता येते, ते घ्यावे. शून्य घसारा आणि बोनस संरक्षण या जोड-कलमांचा विचार करावा.

बोनसचा हिशेब मुलांनाही दाखवावा. स्व-हानी विम्याचा मूळ हप्ता १६,००० रुपये असेल, तर ५० टक्के बोनसमुळे आपण ८,००० भरतो. एक दावा केला की बोनस शून्यावर येतो आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५ टक्के अशा पायऱ्या चढत पाच दावारहित वर्षांनी ५० वर पोहोचतो. मूळ हप्ता स्थिर धरला तरी या काळात एकूण २०,००० रुपये जास्त जातात. म्हणून बंपरच्या सहा हजारांच्या खर्चासाठी दावा करू नये. ते पैसे मुलाने आपल्या हातखर्चातून हप्त्याहप्त्याने फेडावेत. शिस्त लागण्यास त्याचा उपयोग होतो.

अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत ‘नाही’ म्हणण्याला एक रुपयाही पडत नाही. मूल दोन दिवस रुसेल, मित्रांची उदाहरणे देईल, आजी त्याची बाजू घेईल. तेवढे सोसावे. रस्त्याने पायी जाणारा अनोळखी माणूस संध्याकाळी आपल्या घरी सुखरूप पोहोचावा, यासाठी आपल्याला मोजावी लागणारी किंमत इतकीच आहे.