परक्या देशांतील मेजवानी व केडगांवची वाट

आमच्या शिरूरच्या घरांत अजून एकाच चुलीवर अकरा माणसांचा स्वयंपाक होतो, आणि घरांत आलेली कोणतीहि गोष्ट एकाच्या मालकीची राहत नाहीं. पत्र तर नाहींच. त्यामुळें गेल्या माघांत आमच्या पुतणीनें युरोपांतून विचारलेला एक साधा प्रश्न दोन दिवस माजघरांत फिरत होता. विद्यार्थ्यांच्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या कामासाठीं ती वर्षभर तिकडे आहे. संस्थेच्या वार्षिक समारंभाचें निमंत्रण आलें होतें. त्यावर पोषाखाविषयीं सूचना होती, भोजनाचे पांच प्रकार छापले होते, आणि भोजनोत्तर प्रत्येक देशाच्या प्रतिनिधीनें आपल्या देशाविषयीं चार शब्द बोलावे, असेंहि होतें. "काका, काय नेसूं आणि काय बोलूं?" एवढेंच तिनें विचारलें.

नेसण्याचा प्रश्न बायकांनीं तत्काळ हातीं घेतला. वहिनींचें म्हणणें पैठणीच. आमच्या मातोश्रींचें म्हणणें, त्या गारठ्यांत पोर काकडेल, त्यापेक्षां जाड इरकल बरी. आरोग्य चिंतून उंचावयाच्या पेल्यांत काय असेल, हें सर्वांच्या मनांत होतें, पण उघड कोणीच विचारलें नाहीं. बोलण्याचा प्रश्न मात्र आमच्या वांट्यास आला, आणि उत्तर शोधतांना आम्हांस केडगांवची आठवण झाली.

शिरूरहून न्हावरे मार्गें जाणारा रस्ता भीमा ओलांडून दौंड तालुक्यांत चौफुल्यास पोंचतो; केडगांव तेथून जवळच. या वाटेनें आम्ही लग्नकार्यांस किती वेळां गेलों असूं त्यास गणती नाहीं. लहानपणीं पुण्याहून दौंडकडे जातांना गाडी केडगांव स्टेशनांत थांबली, कीं वडील माणसें खिडकीबाहेर बोट दाखवून "हें रमाबाईंचें" एवढेंच म्हणत व लागलीच डबा उघडून दशम्या वांटीत. बाईंनीं 1883 सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला होता. आमच्यासारख्या घरांना पुढचें ऐकण्याची गरज वाटली नाहीं.

पुढचें असें आहे. 11 मार्च 1886 रोजीं फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाचा पदवीदान समारंभ झाला. आनंदीबाई जोशी त्या दिवशीं डॉक्टर झाल्या, आणि त्या समारंभासाठीं पंडिता रमाबाई चिमुकल्या मनोरमेला घेऊन इंग्लंडाहून समुद्र ओलांडून गेल्या. दोघी दूरच्या नात्यांतल्या. महाविद्यालयाच्या प्रमुख रॅचेल बॉडली यांचें निमंत्रण होतें. असले समारंभ आनंदीबाईंना नवे नव्हते. 10 ऑक्टोबर 1885 रोजीं बॉडलीबाईंच्या स्वागतसमारंभांत काढलेलें एक छायाचित्र पुष्कळ वाचकांनीं पाहिलें असेल: लुगड्यांत आनंदीबाई, किमोनोंत जपानच्या ओकामीबाई आणि शामी वेषांत दमास्कसच्या इस्लांबुलीबाई. तिघींच्याहि मुद्रा गंभीर आहेत. आमची पुतणी लहानपणीं म्हणत असे, कीं त्या तिघी दमल्यासारख्या दिसतात. तें खरें असावें. आपल्याला पाहण्यासाठींच लोक जमले आहेत हें कळत असतां सायंकाळभर नीट बसणें, हें कांहीं कमी श्रमाचें काम नव्हे.

रमाबाईंनीं या पाहिलें जाण्याचें काय केलें, तें आम्हांस विशेष वाटतें. समारंभ आटोपून परत फिरण्याऐवजीं त्या अमेरिकेंत अडीच वर्षांहून अधिक राहिल्या. बालोद्यान-शिक्षणाची पद्धति शिकल्या, गांवोगांव व्याख्यानें दिलीं. 1888 च्या वसंतांत वॉशिंग्टन येथें आंतरराष्ट्रीय स्त्रीपरिषद भरली, ती सेनेका फॉल्स येथील पहिल्या स्त्रीहक्क-परिषदेच्या चाळिसाव्या वाढदिवसाचा सोहळा म्हणून. तेथेंहि त्या होत्या. शाकाहार त्यांनीं धर्मांतरानंतरहि सोडला नाहीं, हें आमच्या मातोश्रींना सांगतांच त्यांचा चेहरा प्रथमच जरा मऊ झाला. आणि प्रत्येक ठिकाणीं बाई एकच गोष्ट मागत: उच्च वर्णांच्या बालविधवांसाठीं एक शाळा. डिसेंबर 1887 मध्यें बॉस्टन येथें रमाबाई असोसिएशन स्थापन झालें व त्यानें दहा वर्षें खर्च चालविण्याचें पत्करलें. त्याच्या पोटीं ठिकठिकाणीं 'रमाबाई मंडळें' निघालीं. आरंभींच्या मंडळांपैकीं एक कॉर्नेल विश्वविद्यालयांतील विद्यार्थिनींचें होतें. वर्षाला डॉलर-डॉलर देणाऱ्या या मुलींनीं हिंदुस्थान कधीं पाहिलाहि नव्हता.

त्या पैशावर मुंबईंत शारदा सदन उघडलें, तें 11 मार्च 1889 रोजीं. आनंदीबाईंच्या पदवीदानास त्या दिवशीं बरोबर तीन वर्षें झालीं होतीं. आनंदीबाई मात्र तें पाहण्यास राहिल्या नव्हत्या. 26 फेब्रुवारी 1887 रोजींच पुण्यास त्यांचा अंत झाला. याच सदनांत शिकलेल्या गोदूबाईंशीं धोंडो केशव कर्व्यांनीं 1893 सालीं पुनर्विवाह केला. सदन पुढें पुण्यास आलें, धर्मावरून वादळ उठलें, मुली काढून नेल्या गेल्या, आणि शेवटीं केडगांवच्या माळरानावर मुक्तिसदन उभें राहिलें. 5 एप्रिल 1922 रोजीं बाई तेथेंच वारल्या.

आतां मुख्य अडचण. परक्यांच्या भरल्या सभेंत आपल्या घरचें वैगुण्य सांगावें काय? 1887 चें बाईंचें इंग्रजी पुस्तक, उच्चवर्णीय हिंदु स्त्रीविषयींचें, नेमकें तेंच करतें, आणि अनेक घरांना धर्मांतराइतकाच राग त्याचाहि आला. तो राग आम्ही समजूं शकतों. केशवपनाचें वर्णन फिलाडेल्फियांत छापलेलें वाचणें सोपें नव्हतें. पण त्याच बाईंनीं 1889 सालीं अमेरिकेचें प्रवासवृत्त मराठींत लिहिलें, त्यांत तेथील स्त्रियांच्या उद्योगाची स्तुति आहे, तशीच मूळच्या रहिवाशांवर व काळ्या लोकांवर झालेल्या अन्यायाची नोंदहि आहे. हातचें राखून त्यांनीं कोठेंच लिहिलें नाहीं.

हें सर्व आम्हीं पुतणीला कळविलें आणि शेवटीं लिहिलें, "इरकल नेस. बोलण्याचें तूंच ठरव."

चैत्रांत तिचें उत्तर आलें. मेजवानींत शेजारच्या बाईंनीं, अगदीं सौजन्यानें, विचारलें कीं तुमच्याकडे विधवांना पूर्वीं फार वाईट वागवीत हें खरें काय? सणवार, ढोलताशे, पुरणपोळी असें भाषण तिनें तयार ठेविलें होतें. तें बाजूला ठेवून ती उभी राहिली आणि आमच्या घरच्या आत्याबाईंविषयीं बोलली. आत्याबाई म्हणजे आमच्या आजोबांच्या भगिनी. अकराव्या वर्षीं विधवा होऊन, केशवपन करून, त्या याच वाड्यांत परत आल्या व म्हाताऱ्या होईपर्यंत मागील पडवीच्या पलीकडे फारशा गेल्या नाहींत. त्याच काळांत बैलगाडीच्या दोन मुक्कामांवर केडगांवीं त्यांच्याच वयाच्या मुली वाचावयास शिकत होत्या, हेंहि तिनें सांगितलें.

पत्र वाचून झाल्यावर थोरले बंधू बराच वेळ गप्प बसले. "घरचें तिकडे कशाला?" एवढेंच ते म्हणाले, व उठून गेले. त्यांना खरोखरच लागलें होतें, आणि त्यांच्याशीं वाद घालण्यास आमची जीभ उचलली नाहीं.

मातोश्री 86 वर्षांच्या आहेत. नवी सून म्हणून आल्या तेव्हां दोन वर्षें त्यांनीं आत्याबाईंना पाहिलें आहे. त्यांनीं विचारलें, "पोरीनें त्यांचें नांव काय सांगितलें?"

पुतणीनें पत्रांत 'आत्याबाई' असेंच लिहिलें होतें. आम्हीं सर्वांना विचारलें. बंधूंनाहि विचारलें, त्यांनाहि ठाऊक नव्हतें. मातोश्री म्हणाल्या, त्यांना नांवानें हाक मारलेली आपण कधीं ऐकलीच नाहीं. माळ्यावर आजोबांच्या वेळच्या पत्रिकांचें एक गाठोडें आहे. गेल्या रविवारीं बंधूंनीं स्वतः शिडी लावून तें खालीं काढलें. अर्धें झालें आहे. अजून सांपडलें नाहीं.