धरणाला तडे, थेंब शाबूत

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनानगर हादरलं. भूकंपात पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, वस्तीतली बहुतेक घरं पडली. कोयना धरणाच्या आतल्या गॅलरीतल्या उपकरणानं धक्क्याची नोंद केली. आडव्या दिशेतला सर्वांत मोठा हिसका गुरुत्वीय त्वरणाच्या ०.६३ पट भरला. १०३ मीटर उंचीच्या त्या भिंतीला दोन्ही अंगांनी आडवे तडे गेले. मागच्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो, नेमके त्याच उंचीवर.

आता एक वेगळा प्रश्न. डिसेंबरच्या त्या गारठ्यात एखाद्या पत्र्यावर दवाचा थेंब असता, तर त्याचं काय झालं असतं? फार तर तो डोलला असता, घसरला असता. फुटला नसता.

कारण थेंबाला स्वतःचा एक ठेका असतो. पृष्ठताण त्याला गोल ठेवायला बघतो. कुणी चेपलं तर तो परत फुगतो, वेगात जरा जास्तच फुगतो, आणि पुन्हा आकसतो. लॉर्ड रेले यांनी १८७९मध्ये याचं गणित मांडलं. त्यानुसार एक मिलिमीटर त्रिज्येचा पाण्याचा थेंब सेकंदाला सुमारे १२० वेळा असा धडधडतो. भूकंपाचे जोरदार हेलकावे मात्र सेकंदाला काही मोजके. एवढ्या संथ हलण्यात थेंबाला आकार सावरायला भरपूर सवड मिळते. कोयनेच्या भिंतीचं तसं नाही. तिची स्वाभाविक कंपनं सेकंदाला साधारण तीन, म्हणजे बरोबर भूकंपाच्या टप्प्यात येणारी. त्यात भिंतीला टेकलेलं नव्वद मीटरांहून खोल पाणी. अभियंता वेस्टरगार्ड यांनी १९३३मध्येच दाखवलं होतं, की अशा धक्क्यात जलाशयाचं पाणी जणू भिंतीला चिकटलेल्या जादा वजनासारखं वागतं. पुढे कोयनेच्या भिंतीला मागून काँक्रीटचा आधार देऊन ती बळकट केली गेली.

पाण्याचा साठा जेवढा लहान, तेवढा त्याचा ठेका जलद. डोक्यावरच्या हंड्यातलं पाणी हिंदकळतं ते सेकंदाला दोनाच्या आतबाहेर, जवळजवळ चालणारीच्या पावलांइतकंच. म्हणून तर ते सांडतं. उलट, कोयनेच्या धरणामागे लांबच लांब पसरलेला शिवाजीसागर जलाशय या टोकापासून त्या टोकापर्यंत हेलकावलाच, तर एक फेरी तासांच्या हिशेबात मोजावी लागेल.

मग थेंब फोडायचा कसा? जोर तर हवाच, पण मुख्य म्हणजे वेग हवा.

कंपामुळे द्रवावर काय होतं, याची पहिली नीट पाहणी १८३१मध्ये मायकेल फॅरडे यांनी केली. कंप पावणाऱ्या पट्टीवर त्यांनी पाणी, दूध, अंड्याचा पांढरा बलक, शाई असं काय काय पसरून पाहिलं. द्रवावर चौकटीचौकटींच्या लाटा उठल्या, आणि गंमत अशी, की त्या पट्टीच्या निम्म्याच वेगानं वरखाली होत होत्या. त्याच वर्षी, काही आठवड्यांनी, त्यांना विद्युतचुंबकीय प्रवर्तन सापडलं. कोयना प्रकल्पाच्या पोफळी इथल्या भूमिगत वीजगृहातली जनित्रं चालतात ती त्या दुसऱ्या शोधावर. वीज त्यांना इतकं नाव देऊन गेली, की लाटांचा हा पहिला शोध पाठ्यपुस्तकांत फारसा भेटतच नाही. तो भेटायला हवा होता.

थेंबाच्या अंगावरही अशाच लाटा उठतात. कंप हळूहळू वाढवत नेला की आधी कडांवर वळ्या पडतात, मग सगळा थेंब थरथरतो. आणखी वाढवला की लाटांचे माथे उंच होतात, त्यांची मान बारीक होत जाते आणि पृष्ठताणच ती मान आवळून तोडतो. एरवी थेंबाला एकत्र धरणारा तोच. तुटलेला कण हवेत उडतो. मग अशा शेकडो माना एकदम तुटतात आणि सबंध थेंब क्षणात फवारा होऊन जातो.

कंप आणखी जलद केला, तर लाटा बारीक होतात आणि कणही. १९६२मध्ये लँग या संशोधकानं मोजून दाखवलं, की कणाचा व्यास लाटेच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांश भरतो. खोलीत गार धुकं सोडणाऱ्या यंत्रातली चकती सेकंदाला सुमारे १७ लाख वेळा कंप पावते. तिच्यावरच्या पाण्याचे कण जेमतेम तीन मायक्रॉनचे. श्वासावाटे औषध देणाऱ्या काही नेब्युलायझरमध्येही हीच युक्ती आहे, कारण एवढा बारीक कण फुप्फुसात खोलवर पोचतो.

कंप पुरेसा नसला, तरी थेंब गप्प बसत नाही. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७मध्ये दाखवलं, की उतरती पट्टी योग्य जोरानं वरखाली हलवली, तर तिच्यावरचा थेंब उतार सोडून चढावर सरकू लागतो. कंपामुळे त्याची पुढची आणि मागची कड सारखी पकड घेत नाही, त्याचा हा परिणाम.

धुक्याचं यंत्र घरी असेल, तर एक गोष्ट लक्षात घ्यावी. ते पाण्याची वाफ करत नाही, पाणी फोडतं. वाफ होताना क्षार भांड्यातच राहतात, इथे ते कणाबरोबर हवेत जातात. पाणी जड असेल, तर टेबलावर, टीव्हीवर पांढरी पूड बसते ती त्यामुळेच. म्हणून अशा यंत्रात विहिरीचं किंवा बोअरचं पाणी न घालता ऊर्ध्वपातित पाणी घालावं.