कप उपडा करून बघा!

बालमित्रांनो, आज शाळेतून घरी गेलात की एक छोटंसं काम करा. स्वयंपाकघरातला एखादा जुना चिनी मातीचा कप घ्या, किंवा आजीच्या फळीवरची बशी घ्या आणि ती उपडी करून तिचं बूड बघा. (कपात चहा असेल तर तो आधी पिऊन घ्या, नाहीतर आईचा ओरडा खावा लागेल!) बुडाखाली काय दिसतं? एखादा मुकुट, एखादा सिंह, दोन-चार इंग्रजी अक्षरं, नुसता एक आकडा? की काहीच नाही?

आपण रोज ज्या कपातून चहा-दूध पितो त्याचं बूड कधी बघत नाही. पण जगात असे हजारो लोक आहेत, जे आधी बूडच बघतात! जुन्या कपबश्या, ताटल्या, फुलदाण्या जमवायच्या आणि त्या कुठे, कधी, कोणी बनवल्या ते शोधून काढायचं, हा त्यांचा छंद. पोस्टाची तिकिटं आणि नाणी जमवणारे तुमच्या वर्गातही असतील. हा त्याच छंदाचा भाऊ. आणि यासाठी खिशात पैसे नसले तरी चालतं, कारण सुरुवात आपल्याच घरापासून होते.

चिनी माती, पण सगळी सारखी नाही

आपण सरसकट सगळ्यालाच ‘चिनी मातीचं’ म्हणतो. पण त्यात प्रकार आहेत बरं का! कुंभारदादाचा माठ कमी आचेवर भाजलेला असतो, म्हणून त्यातून पाणी झिरपतं आणि म्हणूनच ते गार होतं. आजीची लोणच्याची बरणी वेगळी. ती १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापमानाला भाजतात. तिची माती दगडासारखी घट्ट होते, पाणी पीत नाही. वरून काचेसारखा लेप असतो, त्यामुळे लोणच्यातलं मीठ आणि आंबट रस तिला सहजासहजी बाधत नाहीत. म्हणूनच आजी बरणीला दादरा बांधून वर्षभर निश्चिंत असते.

तिसरा प्रकार पोर्सेलीन. याला केओलिन नावाची पांढरीशुभ्र माती लागते. केओलिन हे नावच चीनमधल्या गाओलिंग या टेकडीवरून पडलंय. युरोपातल्या राजेरजवाड्यांना चीनची ही भांडी सोन्याइतकी प्यारी होती, पण ती कशी करतात ते कोणालाच ठाऊक नव्हतं. अखेर जर्मनीत त्याचं गुपित उलगडलं आणि १७१० मध्ये माइसन इथे कारखाना निघाला. त्यानंतर त्याच शतकात इंग्रजांनी मातीत चक्क जनावरांच्या हाडांची राख मिसळली आणि ‘बोन चायना’ तयार केलं.

आता ओळखायचं कसं? पातळ बशी उजेडासमोर धरा आणि तिच्यामागे बोटं हलवा. बोटांची सावली दिसली तर ती पोर्सेलीनची किंवा बोन चायनाची. नाही दिसली तर बहुधा दुसऱ्या मातीची. झाला की नाही तुमचा पहिला प्रयोग?

बुडाखालचं नाव-गाव

कारखान्याचा शिक्का म्हणजे भांड्याचं नाव-गाव. पण कधीकधी त्यात जन्मसालही लपलेलं असतं. १८९० मध्ये अमेरिकेने एक कायदा केला. बाहेरून येणाऱ्या मालावर तो कोणत्या देशाचा आहे ते लिहिलंच पाहिजे! त्यामुळे १८९१ पासून इंग्लंडमधले बरेच कारखाने कपाखाली ‘इंग्लंड’ असं छापू लागले. जपानी कारखाने ‘निप्पॉन’ लिहीत. निप्पॉन म्हणजे जपानी भाषेतलं जपानचं नाव. १९२१ नंतर अमेरिकेने सांगितलं, हे चालणार नाही, इंग्रजीत ‘जपान’ लिहा. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपान हरला. १९५२ पर्यंत तिथे दोस्त राष्ट्रांचा ताबा होता. त्या काळात बाहेर गेलेल्या बऱ्याच मालावर ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’, म्हणजे ‘ताब्यातल्या जपानमध्ये बनवलेलं’, असा शिक्का आहे. एवढ्याशा कपाच्या बुडाला अख्खं महायुद्ध चिकटलेलं आहे, बघा!

आता एक कोडं. समजा, अशा ‘ऑक्युपाइड जपान’ कपाबद्दल घरात सांगतात, ‘हा पणजीच्या लग्नातला, १९३५ सालचा.’ हे खरं असू शकेल का? नाही, कारण १९३५ मध्ये हा शिक्काच नव्हता. मग पणजी खोटं बोलली का? तसंही नाही. कप नंतर कधीतरी आला असेल आणि दोन आठवणी एकमेकींत मिसळल्या असतील. संशोधन म्हणजे हेच. कोणाला खोटं पाडायचं नाही, पण पुराव्याशी ताडून बघितल्याशिवाय मानायचंही नाही.

आणि हो, शिक्का दिसला की लगेच उड्या मारू नका. माइसनच्या कारखान्याची खूण होती एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन तलवारी. तिची इतकी नक्कल झाली, की तलवारी दिसल्या म्हणजे भांडं माइसनचंच असं कोणीही जाणकार म्हणत नाही. तो माती बघतो, रंग बघतो, वजन बघतो आणि मगच बोलतो.

ज्योती मोजा, साल सांगा

अमेरिकेत सिनसिनाटी नावाचं शहर आहे. तिथे १८८० मध्ये मारिया लाँगवर्थ निकोल्स या बाईंनी रुकवूड नावाची पॉटरी काढली. १८८६ पासून तिथल्या भांड्यांवर इंग्रजी ‘आर’ आणि ‘पी’ ही अक्षरं एकमेकांना पाठ लावून येऊ लागली. पुढच्या वर्षी त्या खुणेवर एक ज्योत काढली. त्याच्या पुढच्या वर्षी दोन. अशी दरवर्षी एक ज्योत वाढत गेली. १९०० मध्ये चौदा ज्योती झाल्या. मग पुढच्या वर्षापासून खाली रोमन आकडे आले. आता सांगा, नऊ ज्योती असलेली फुलदाणी कोणत्या सालची? (उत्तर लेखाच्या शेवटी आहे. आधी बघायचं नाही हं!)

अमेरिकेतच १९३६ मध्ये ‘फिएस्टा’ नावाची रंगीबेरंगी ताटं-वाट्या निघाल्या. त्यांतला नारिंगी-लाल रंग लोकांना फार आवडला. त्या रंगात काय होतं माहीत आहे? युरेनियम! महायुद्धात सरकारला युरेनियम हवं होतं, म्हणून १९४३ मध्ये तो रंग बंद पडला. तो परत आला थेट १९५९ मध्ये. म्हणजे नुसता रंग बघूनही जाणकार काळाचा अंदाज बांधू शकतात.

मोगलीच्या लेखकाचे बाबा

‘हे सगळं अमेरिकेचं झालं, आपलं काय?’ असं तुम्ही विचाराल. विचारायलाच हवं!

आपल्या नागपूरपासून पेंचचं जंगल जवळ. त्याच सिवनीच्या रानात मोगलीची गोष्ट घडते. ती लिहिणारे रुडयार्ड किपलिंग १८६५ मध्ये मुंबईत जन्मले. त्यांचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग तिथल्या सर जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. गंमत म्हणजे हे वडील तरुणपणी इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरच्या भांड्यांच्या कारखान्यात काम शिकलेले होते. स्टॅफर्डशायर म्हणजे इंग्लंडचा कुंभारवाडाच! आपल्याकडे आलेल्या कितीतरी जुन्या कपबश्या तिथल्याच.

याच कलाशाळेत जॉर्ज टेरी नावाचे आणखी एक शिक्षक होते. त्यांनी १८७० च्या दशकात तिथे मातीकामाला सुरुवात करून दिली. त्यांच्या कार्यशाळेला नाव होतं ‘वंडरलँड आर्ट पॉटरी’. त्याच सुमाराला, १८७२ पासून, जॉन ग्रिफिथ्स हे शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात होते आणि लेण्यांतल्या चित्रांच्या नकला उतरवत होते. ती अजिंठ्याची वेलबुट्टी, ती कमळं मुंबईच्या फुलदाण्यांवर आणि तबकांवर उमटली.

पुढे काय झालं? अजिंठ्याच्या त्या नकला लंडनला नेल्या होत्या. १८८५ मध्ये तिथे आग लागली आणि त्यांतल्या बऱ्याच जळून गेल्या. कागद आणि कापड जळतं, पण भट्टीतून भाजून निघालेली माती जळत नाही. मुंबईच्या त्या फुलदाण्या आजही उरल्या आहेत. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्या जपलेल्या आहेत.

नंतर आपल्या माणसांनीही हा धंदा हाती घेतला. सौराष्ट्रातल्या थानगढला परशुराम गणपुले यांनी ‘परशुराम पॉटरी’ उभी केली. आडनाव ऐकूनच कळलं ना, माणूस आपल्याकडचा! आणि आपल्या विदर्भात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला, कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५० च्या दशकात ‘ग्रामोदय संघ’ काढला आणि गावच्या कुंभारांच्या कलेला नव्या तंत्राची जोड दिली.

अडीच हजार वर्षांपूर्वीचं उपडं भांडं

नागपूरहून काटोल रस्त्याने निघालात की जुनापाणी लागतं. तिथे जुन्या माणसांनी मांडलेली दगडांची शेकडो वर्तुळं आहेत. अशाच वर्तुळांखाली विदर्भात माहूरझरीला आणि टाकळघाट-खापा इथेही उत्खनन झालं. लोखंडाची हत्यारं, मणी आणि मातीची भांडी मिळाली. त्यांतली काही भांडी बाहेरून लाल आणि आतून-काठाला काळी आहेत. दोन रंग फासले होते का? नाही! भट्टीत भांडं उपडं ठेवलं असावं. आतल्या भागाला हवा मिळाली नाही, तो काळा झाला. बाहेर हवा लागली, तो लाल झाला. म्हणजे भांडं उपडं करण्यातली गंमत आपल्या विदर्भातल्या कुंभाराला अडीच हजार वर्षांपूर्वीच ठाऊक होती!

पण एक गोष्ट कान देऊन ऐका. अशा जागेवर सहलीला गेलात आणि खापर दिसलं, तर ते उचलून दप्तरात टाकायचं नाही. ते खापर कोणत्या थरात, कशाशेजारी पडलं होतं यावरूनच संशोधकाला त्याची गोष्ट कळते. जागेवरून हललं की ते मुकं होतं. बघायचं, चित्र काढायचं, तिथेच ठेवायचं. असल्या वस्तू बघायच्या असतील तर आपलं मध्यवर्ती संग्रहालय आहेच. तेच ते, १८६३ मध्ये स्थापन झालेला आपला अजब बंगला!

वही काढा

घरातल्या वस्तूंचंही तसंच आहे. बरणी कोणाची, कुठून आली, हे आजीला ठाऊक असतं. ते विचारलं नाही, तर बरणी राहते आणि गोष्ट जाते. मग दिवाळीच्या आवराआवरीत कोणीतरी म्हणतं, ‘कशाला हवी ही अडगळ?’ आणि बरणी भंगारात जाते.

म्हणून एक वही करा. प्रत्येक वस्तूला एक पान. त्यावर हे लिहा :

१. वस्तूचं नाव, उंची, तोंडाची रुंदी आणि रंग.
२. बुडाखालचा शिक्का. तो हुबेहूब काढा. शिक्का खोदलेला असेल तर वर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, आपोआप उमटेल.
३. तडा, टवका, तुटलेला कान. ही वस्तूची खूणच असते, लपवू नका.
४. घरच्यांनी सांगितलेली माहिती. कोणी सांगितली आणि कोणत्या तारखेला, तेही लिहा.
५. तुम्ही स्वतः शोधलेली माहिती.

चौथा आणि पाचवा मुद्दा वेगवेगळाच ठेवा. ऐकलेलं आणि तपासलेलं यांची खिचडी करायची नाही.

पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर हे असेच वेडे गृहस्थ. दिवे, अडकित्ते, पळ्या, डबे अशा रोजच्या घरगुती वस्तू त्यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून जमवल्या. पत्नी कमलाबाईंनी त्यांना साथ दिली. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाची आठवण म्हणून त्यांनी संग्रहाला त्याचं नाव दिलं आणि १९७५ मध्ये तो सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. लोक ज्याला अडगळ म्हणत होते, ते बघायला आज देशोदेशीची माणसं येतात.

जपून हं!

जुन्या भांड्यांच्या लेपात आणि रंगात कधीकधी शिसं असतं. चिंच, लिंबू, लोणचं यांच्या आंबटपणाने ते अन्नात उतरू शकतं आणि शिसं हे विष आहे, लहान मुलांना तर फारच वाईट. म्हणून जुनी, रंगीत, तडा गेलेली भांडी बघण्यासाठी ठेवा, जेवण्यासाठी नको. धुताना मऊ फडकं वापरा, घासणी नको. कप उचलताना कान धरून नाही, तर तळाला हात लावून उचला.

आणि आईबाबा, तुमच्यासाठी दोन शब्द. मुलं फळीवरच्या वस्तूंना हात लावू लागली की ‘फुटेल, ठेव ते!’ असं आपण पटकन म्हणून जातो. त्याऐवजी खाली सतरंजी अंथरा, शेजारी बसा आणि त्या वस्तूबद्दल तुम्हाला आठवतं ते सांगा. एखादा कप फुटला तरी चालेल. वहीत त्याचं पान असेल तर तो पुरता गेला असं होणार नाही.

तर मित्रांनो, पहिलं पान कोणत्या वस्तूचं? तुमची आजी किंवा पणजी जवळ असेल तर आजच तिच्याजवळ बसा. शिक्का काय, तो उद्याही वाचता येईल. आजीला मात्र आजच विचारा.

(कोड्याचं उत्तर : १८८७ ला एक ज्योत, म्हणून नऊ ज्योती म्हणजे १८९५.)