पगारातले दोनशे रुपये

पगारपत्रक हाती पडले की गृहस्थाची नजर प्रथम शेवटच्या आकड्यावर जाते आणि मग कपातीच्या रकान्याकडे वळते. भविष्य निर्वाह निधी आपलाच, तो पुढे कामी येणार. प्राप्तिकराला इलाज नाही. पण ‘व्यवसाय कर, रुपये दोनशे’ ही ओळ पाहून पुष्कळ घरांत प्रश्न निघतो, “आपण तर नोकरी करतो, मग हा व्यवसाय कसला?” दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, असे वर्षाचे २,५०० रुपये जातात. त्यांची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे.

१९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांना आठवत असेल. विहिरी आटल्या, दावणी रिकाम्या झाल्या, रेशनवर लाल मिलो आला. एरवी घराचा उंबरठा न ओलांडणाऱ्या बायाही खडी फोडायला बसल्या आणि मुले सुकडी खाऊन राहिली. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. एक गोष्ट तेव्हा साऱ्यांना दिसली : ही माणसे भीक मागत नव्हती, काम मागत होती.

काम मागणे हा हक्क ठरावा, असे म्हणणारे वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातल्या तासगावकडचे. विधानपरिषदेचे ते सभापती होते. त्यांच्या कल्पनेचा लहानसा प्रयोग १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात झाला होता. दुष्काळानंतर ती कल्पना साऱ्या राज्याची झाली. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते द्यायचे, न दिल्यास बेकारभत्ता द्यायचा, असे सरकारने स्वतःला बांधून घेतले.

पण पैसा कोठून आणायचा? त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवला गेला. त्याच्या जोडीला आणखी काही कर होते, आणि करांतून जेवढे जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, असे ठरले. मुंबई-पुण्याच्या कारकुनाच्या पगाराचा धागा अशा रीतीने माणदेशातल्या मजुराच्या चुलीशी जोडला गेला.

योजनेची खुबी अशी, की गरिबीचा दाखला मागायला कोणाच्या दारात उभे राहावे लागत नसे. भर उन्हात माती उचलायला जो तयार, तो गरजू, हीच परीक्षा! बाईचा आणि पुरुषाचा दर एकच होता. हजेरीपटावर आपले नाव लागले आणि स्वतःच्या हातात मजुरी पडली, याचे मोल कित्येक बायांना पैशांहून अधिक वाटले असेल.

सारे काही गोड झाले, असे मात्र नाही. मजुरी वेळेवर न मिळणे, मोजमापात हात आखडणे, हजेरीपटावर खोटी नावे चढवणे, या तक्रारी योजनेच्या पाठीस लागल्या. पाझर तलाव बांधणारी भूमिहीन बाई पुढच्या कामावर निघून जाई आणि विहिरीला पाणी चढे ते जमीनवाल्याच्या. हा हिशेब पुरता कधी सुटला नाही. तरीही २००५ साली संसदेने देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा पूर्वानुभव तिच्यासमोर होता.

फराळाच्या ताटाभोवती सारे घर जमलेले असताना मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी. दान देणाऱ्याची मर्जी फिरली की दान थांबते. हक्काचे तसे नसते. तो मागताना माणसाला मान खाली घालावी लागत नाही. मात्र हक्क कागदावरून माणसाच्या हातात पडतो की नाही, हे पाहत राहण्याचे काम कर भरणाऱ्याचेही आहे.