दोष एकट्या गोळीचा नाही

२४ मे हा जागतिक स्किझोफ्रेनिया दिन. कानात येणारे आवाज, भास, संशय यांवर त्या दिवशी भरपूर बोललं जातं. हातापायांचा विषय मात्र क्वचितच निघतो. वास्तविक कोणत्याही शुभंकराला, म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्याला, विचारा. चाल मंदावलीय, हात थरथरतो, तोंड काहीतरी चघळत असल्यासारखं हलतं, असं तो सांगेल आणि लगेच म्हणेल, ‘हे सगळं गोळ्यांनी केलं.’

तक्रार खोटी नाही. १९५२ साली पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरायला सुरुवात केली आणि त्यापाठोपाठ कंपवातासारखे त्रासही आले. पण तासन्‌तास एकाच स्थितीत ताठरून बसणाऱ्या रुग्णांवर कार्ल कालबाउम यांचा ग्रंथ निघाला तो १८७४ मध्ये. तेव्हा गोळी होतीच कुठे?

आजाराचा वाटा किती आणि औषधाचा किती, हे ठरवायचं तर आयुष्यात एकदाही औषध न घेतलेले, उतारवयातले रुग्ण हवेत. युरोप-अमेरिकेत ते मिळणं जवळजवळ अशक्य. ते मिळाले मद्रासला. स्कॉटलंडचे मनोविकारतज्ज्ञ रॉबिन मॅक्रीडी आणि मद्रासच्याच ‘स्कार्फ’ संस्थेच्या डॉ. आर. थारा व सहकाऱ्यांनी ३०८ जणांना तपासलं आणि १९९६ मध्ये निष्कर्ष मांडले. आपोआप होणाऱ्या हालचाली निरोगी माणसांत १५ टक्के, औषध घेणाऱ्या रुग्णांत ४१ टक्के. आणि औषध कधीच न घेतलेल्यांत? ३८ टक्के! कंपवातासारखी लक्षणं याच क्रमाने ६, ३६ आणि २४ टक्के. इतकी वर्षं आजारी असलेल्या माणसांपर्यंत उपचार पोहोचू नयेत ही आपली नामुष्की, आणि शास्त्राला हवा असलेला पुरावा नेमका तिथेच सापडला. अर्थात औषधाविना राहिलेले रुग्ण होते अवघे २१; तेव्हा ते ३८ टक्के म्हणजे आठ माणसं. आकड्याला किती ताणायचं, याचं भान हवंच.

पण पुढचा धागाही जुळतो. २००२ मध्ये याच चमूने औषध न घेतलेल्या रुग्णांच्या मेंदूचं एमआरआय केलं. अशा हालचाली असणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या बाजूचं लेंटिफॉर्म केंद्रक, म्हणजे हालचालींचं नियमन करणारा खोलवरचा भाग, तशा हालचाली नसलेल्या रुग्णांपेक्षा मोठं आढळलं. जुन्या पिढीतली औषधंही या भागाचा आकार वाढवतात. इथे तर औषधाचा संबंधच नव्हता.

अमेरिकेत संशोधक एलेन वॉकर यांनी आणखी मागे जाऊन पाहिलं. मोठेपणी स्किझोफ्रेनिया झालेल्यांच्या बालपणीच्या घरगुती फिल्म्स त्यांनी मिळवल्या आणि पुढे काय झालं हे न सांगता परीक्षकांना दाखवल्या. पहिल्या दोन वर्षांतल्या हातांच्या विचित्र ठेवणी परीक्षकांच्या नजरेत भरल्या. विशेषतः डाव्या बाजूच्या.

म्हणून औषध निर्दोष ठरत नाही. ४१ आणि ३६ हे आकडे औषध घेणाऱ्यांचेच आहेत. पण सगळं खापर गोळीवर फोडून ती परस्पर बंद केली, तर आजार उलटण्याचा धोका मोठा. त्यापेक्षा पहिली गोळी देण्याआधीच हातपाय तपासून नोंद करावी. त्यासाठी ‘एम्स’ नावाची मोजपट्टी १९७६ पासून उपलब्ध आहे. रुग्णाला कडक बैठकीच्या खुर्चीवर बसवायचं, तोंड उघडायला लावायचं, अंगठ्याने एकेक बोट टिपायला सांगायचं, चार पावलं चालवायचं. दहाएक मिनिटं लागतात, यंत्र कुठलंच लागत नाही. शुभंकरांनी पहिल्याच भेटीत ही तपासणी मागून घ्यावी. ती नोंद नसेल, तर पाच वर्षांनी थरथरणाऱ्या हाताचं कारण डॉक्टरांनाही सांगता येणं कठीण.