मूत्रपिंडातील पाण्याची गाठ : सुई, दुर्बीण की नुसते लक्ष?

मूतखड्याच्या कळा मराठवाड्याच्या उन्हाळ्याला नव्या नाहीत. त्या निमित्ताने पोटाची सोनोग्राफी होते आणि अहवालात खड्यासोबत आणखी एक ओळ येते : 'डाव्या मूत्रपिंडात चार सेंटिमीटरची साधी सिस्ट'. मग खडा बाजूला राहतो आणि घरात चर्चा होते ती या ओळीचीच. आपल्याकडे सिस्टलाही गाठ म्हणतात आणि कर्करोगालाही गाठच. निम्मी भीती या एका शब्दाची आहे.

साधी सिस्ट म्हणजे पातळ आवरणाची, स्वच्छ द्रवाने भरलेली पिशवी. पन्नाशीनंतर ती आढळली तर नवल नाही. बहुधा ती दुखत नाही आणि मूत्रपिंडाचे कामही बिघडवीत नाही. 'किडनीत पाणी झाले' असे म्हणतात तो प्रकार निराळा. तेथे लघवीची वाट अडून मूत्रपिंड फुगते आणि उपचार लांबवून चालत नाही. दोन्ही मूत्रपिंडे असंख्य सिस्टनी भरणे हाही वेगळाच, आनुवंशिक आजार आहे.

सिस्टमध्ये पडदे, चुन्याचे कण किंवा जाड भिंत दिसली तर सीटी स्कॅन करावा लागतो. अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञ मॉर्टन बोस्नियाक यांनी १९८६ मध्ये मांडलेली वर्गवारी सुधारित रूपात आजही वापरात आहे. पहिल्या दोन वर्गांना सहसा काहीच करावे लागत नाही. 'दोन-एफ' ठरावीक काळाने पुन्हा तपासतात. तिसऱ्या व चौथ्या वर्गात कर्करोगाची शक्यता मोठी असते. तेथे सुईने पाणी काढण्याचा विचार न करता थेट युरॉलॉजिस्टला भेटावे.

मग साध्या सिस्टवर उपचार केव्हा? कुशीत सतत दडपण असेल, वारंवार जंतुसंसर्ग होत असेल, आत रक्तस्राव झाला असेल किंवा लघवीच्या वाटेवर दाब येत असेल तर. केवळ आकार हे कारण नव्हे. माझ्या मते घाई होते ती येथेच. दुखणे मणक्याचे असते, दोष सिस्टला दिला जातो आणि सिस्ट गेली तरी पाठ दुखतच राहते.

सुईचा उपचार स्थानिक भूल देऊन, सोनोग्राफीत पाहत करतात. नुसता द्रव काढला तर आतले अस्तर पाझरत राहते आणि सिस्ट बहुधा पुन्हा भरते. म्हणून अल्कोहोल किंवा पॉलिडोकॅनॉल यांसारखे औषध आत सोडून ते अस्तर निकामी करतात. तत्पूर्वी सिस्टचा लघवीच्या मार्गाशी संबंध नाही, याची खात्री करून घ्यावी लागते. घरी मेंढ्या, शेळ्या, कुत्री असतील तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. फीतकृमीमुळे होणारी हायडॅटिड गाठ मूत्रपिंडात क्वचितच होते, पण ती साध्या सिस्टसारखी दिसू शकते आणि अनवधानाने टोचली गेल्यास जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते.

सिस्ट फार मोठी असेल, मूत्रपिंडाच्या गाभ्याजवळ असेल किंवा सुईनंतरही भरली असेल तर दुर्बिणीचा मार्ग उरतो. पूर्ण भूल देऊन, बहुधा तीन लहान छिद्रांतून सिस्टचे बाहेर आलेले छत कापून काढतात व ते तपासणीला पाठवतात. मूत्रपिंड जागच्या जागी राहते. सिस्ट पुन्हा भरण्याची शक्यता सुईपेक्षा कमी. मात्र खर्च व मुक्काम अधिक.

नांदेडजवळ विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तर लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. युरॉलॉजिस्ट कोणत्या वारी असतात, हे आधी विचारून जावे म्हणजे हेलपाटा वाचतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून भरती होण्यापूर्वीच विचारावे, नंतर नव्हे.

सुईच्या उपचारानंतर पहिल्या काही आठवड्यांच्या सोनोग्राफीत सिस्ट पुन्हा दिसली तर लगेच निराश होऊ नका. आत साचलेला द्रव शोषला जाऊन ती आक्रसायला काही महिने लागू शकतात. ताप आला, लघवीतून रक्त गेले किंवा कूस वाढत्या प्रमाणात दुखू लागली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.